सांधेमामाची जनावरं

सांधेमामा कोणत्याही जनावराकडे पाहायचा तो ते कुठे उसवता येईल अशा नजरेने. रस्त्याने म्हैस चालली असली तर तुम्ही-आम्ही म्हैस पाहतो. मामा तिचा खांदा पाहायचा, मान धडात कुठे शिरते ते पाहायचा आणि बराच विचार करून म्हणायचा, "हिला बगळ्याची मान बसंल. पन चरायला वाकली की मागून उचलली जाईल." हे तो थट्टेने म्हणत नसे. आमचे आबा बियाण्याबद्दल ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात मामा म्हशीला बगळ्याची मान लावण्याबद्दल बोलायचा.

तो हाडं बसवायचा. आमचं गाव डोंगरकडा नावाच्या गावापासून दोन कोसांवर. गावाच्या वरच्या अंगाला टेकडीच्या पायथ्याशी लमाणांचा तांडा होता, तिथे त्याचं घर. त्याच्या आज्या-पणज्याच्या काळी तांड्यातली माणसं शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. अशा बैलांच्या काफिल्याला ते लदेणी म्हणत. पुढे रेल्वे आली, लदेणी बसली आणि तांड्याने नांगर धरला. पण वाटेत बैलाचा पाय मोडला तर तो तिथेच बसवायची जी विद्या होती, ती मामाच्या घरात राहिली. बैलांवरून ती माणसांवर आली. मामा उंच, किडकिडीत, डोक्याला पांढरा फेटा, एका कानात बाळी. हात मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी आणून जोडल्यासारखे मोठे होते. त्या हातांना कायम करडईच्या तेलाचा वास यायचा.

मी सात वर्षांची असताना कडब्याच्या गंजीवरून पडले आणि माझा हात कोपरातून निखळला. आबांनी मला पाठुंगळी मारून तांड्यावर नेलं. वाटभर मी रडत होते. मामाने हात बघितला, माझ्यासमोर मांडी घातली आणि काय झालं, कसं झालं, दुखतंय का, यातलं काहीही न विचारता म्हणाला, "माय, मला एक जनावर पाहिजेल. कंचं बी दोन जनावरं घे आन एक कर. पन नुसतं नाव नको. कुठून जोडू ते सांग."

मी रडायची थांबले. चिमणी आणि घोरपड, मी म्हणाले. का तेही सांगितलं: घोरपडीची पकड असली की चिमणी भिंतीवरून पडणार नाही. मामाने मान हलवली. घोरपडीचे पाय जड, चिमणीच्या छातीला ते उचलायचे नाहीत, असं त्याने मला समजावून सांगितलं. मग म्हणाला, "उडायचं सोडती, का पडायचं?" मी खरंच विचारात पडले. उडणं सोडावं तर चिमणी कसली, आणि पडायचं तर... एवढ्यात काडकन आवाज झाला. मी किंचाळायच्या आत सगळं आटपलं होतं. मामा बांबूच्या कामट्या बांधायला लागला आणि माझ्याकडे न बघता त्याने पुन्हा विचारलं, "मग? काय सोडायचं?" उडणं सोडायचं, मी हुंदके देत म्हणाले. त्याला ते पसंत पडलं.

तेव्हा मला वाटलं, ही मुलांना भुलवायची युक्ती आहे. युक्ती ती होतीच. पण पुढे कळलं की तेवढ्यावर भागत नव्हतं. मामा एक गोष्ट रचत होता, कित्येक वर्षं. त्या गोष्टीत एक लदेणी होती, मीठ घेऊन रस्ते नसलेल्या मुलखातून निघालेली; आणि तिच्यात बैल नव्हते, सगळी जोडजनावरं होती. ज्याचं ज्याचं हाड मामाने बसवलं, त्याचं त्याचं जनावर त्या लदेणीत सामील व्हायचं. माझी न उडणारी चिमणी पुढच्या जनावराच्या शिंगाला धरून बसली. धोंडू गुराख्याचा बैलमासा नदीतून गोण्या वाहायचा. त्यात पहिल्याच दिवशी सगळं मीठ विरघळलं, म्हणून मामाने त्याला उंटाची मदार लावली. कामट्या बदलायला, तेल चोळायला मामा गावात आला की आम्ही त्याच्या भोवती बसायचो आणि लदेणी कुठवर आली ते विचारायचो.

जनावर लदेणीत घेण्याआधी तो तीन गोष्टी तपासायचा. त्याला पाणी पिता आलं पाहिजे, बसून उठता आलं पाहिजे आणि पाठीला खाज सुटली तर काहीतरी उपाय पाहिजे. आमची निम्मी जनावरं खाजेपाशी अडायची. एकदा एका पोराने वाघाला हत्तीची सोंड, गरुडाचे पंख, नागाचा फणा आणि बारशिंग्याची शिंगं लावली. मामाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झ्याक हाय. आता याला झोपवून दाखव." पोराने स्वतः जमिनीवर लोळून बघितलं. कोणत्याच कुशीवर जमेना.

गावाबाहेर ओढ्याकाठी एक जुनं दगडी देऊळ होतं. त्याच्या भिंतीवर सिंहाचं अंग आणि हत्तीचं तोंड असलेलं एक जनावर कोरलेलं होतं. गावातले एक शास्त्रीबुवा मामाला बोलले होते की देवाने घडवलेल्या प्राण्यांची अशी मोडतोड करणं बरं नव्हे. मामा त्यांना त्या भिंतीपाशी घेऊन गेला आणि दोघे कोरीव जनावराकडे बघत उभे राहिले. शास्त्रीबुवा परतले. मामा मात्र तिथेच रेंगाळला. त्याला त्या जनावराचं मागचं अंग पटत नव्हतं.

आता सखूबद्दल सांगायला हवं, कारण मामाबद्दल सांगायचं तर ते सखूशिवाय सांगता येत नाही.

सखू माझ्या शेजारची, माझ्यापेक्षा वर्षाने मोठी. जवारी हुरड्यात आली होती तेव्हा ती माळ्यावरून गोफणीने पाखरं हाकत होती. माळ्याची दोरी तुटली आणि ती खाली आली. मांडीचं हाड मोडलं. तिच्या बापाने गाडी जुंपून तांड्यावरून मामाला आणलं. मामा आला, हाड बसवलं, कामट्या बांधल्या. त्या दिवशी त्याने सखूला जनावर करायला सांगितलं नाही. तिने रडून घर डोक्यावर घेतलं तरी तो गप्प होता, असं तिची आई नंतर सांगायची. दीड महिन्याने कामट्या सोडल्या तेव्हा पाय दोन बोटं आखूड झाला होता आणि पाऊल आत वळलं होतं.

असं झालं की लोक नशिबाला बोल लावतात आणि हाडं बसवणाराही त्यांना लावू देतो. मामाने तसं केलं नाही. तो चावडीवर गेला, माणसं बसली होती त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सखूबाईचा पाय माझ्या हातानं वाकडा बसला. तिची कसूर न्हाई, तिच्या नशिबाची बी न्हाई." एवढं बोलून तो सखूच्या घरी गेला. पाय पुन्हा मोडून बसवता येईल, नाहीतर हिंगोलीला मोठ्या दवाखान्यात नेऊ, मी बरोबर येतो, असं त्याने तिच्या बापाला सांगितलं. दोन्हीला घरचे तयार झाले नाहीत. एकदा मोडलेलं लेकरू परत मोडायला कोण देतं?

त्यानंतर मामा दर सोमवारी सखूच्या घरी यायला लागला. आखडलेला पाय सैल व्हावा म्हणून तेल चोळायचा. सखू पाय पुढे करायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. ती त्याच्याशी एक अक्षर बोलत नसे. मामा तेल चोळता चोळता लदेणीची गोष्ट सांगायचा, भिंतीला सांगितल्यासारखी. मी कधी कधी तिथे असायचे. आमच्यासमोर सांगताना तो हातवारे करायचा, आवाज काढायचा. तिथे मात्र अगदी हळू सांगायचा. तासाभराने उठायचा, तिच्या आईला म्हणायचा, "येतो बाई," आणि निघून जायचा. असं दोन वर्षं चाललं. उन्हाळा, पावसाळा, एकही सोमवार त्याने चुकवला नाही. सखूच्या आईलाच शेवटी त्याची दया यायला लागली. पोर बोलत नाही तर कशाला तकलीफ घेता, असं ती एकदा म्हणाली. मामा म्हणाला, "बोलायचं तिच्यावर हाय. यायचं माझ्यावर हाय."

एका सोमवारी मामा हरणघारीची गोष्ट सांगत होता. हरणाचं अंग आणि घारीचे पंख. ते त्याचं लाडकं जनावर होतं, सगळ्या लदेणीला वरून वाट दाखवणारं. ते कड्यावरून कसं झेपावतं हे तो सांगत होता आणि सखू भिंतीकडे तोंड करूनच बोलली.

"पंख खांद्याला लावले तर पुढचे पाय कशानं हालत्याल?"

मामाचा हात थांबला. मी तिथेच पाटीवर काहीतरी गिरवत बसले होते, मीही थांबले. मामाने स्वतःचा खांदा चाचपला. मग माझा चाचपला. मग म्हणाला, "बराबर. एका खांद्यावर दोन कामं न्हाई होत." आठ गावांत ती गोष्ट सांगून झाली होती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हाडं बसवण्यात जन्म गेलेल्या त्याच्यासुद्धा. त्याने तिला विचारलं, मग काय करावं? सखू म्हणाली, पुढचे पायच पंख करा. जमिनीवर चालायचं तेव्हा ते मिटून त्यांच्यावर रेलून चालेल. एवढं बोलून तिने काठी ओढली आणि ते कसं चालेल हे खोलीत चालून दाखवलं.

त्या दिवशी मामा आमच्या घरावरून गेला तेव्हा आबांनी त्याला हाक मारली. त्याने ऐकलं नाही. फेटा हातात होता आणि तो एकटाच काहीतरी बोलत टेकडीकडे चालला होता.

तिथून पुढे सखू आणि मामा मिळून जनावरं करू लागले. मिळून म्हणते, पण खरं तर सखू करायची आणि मामा तपासायचा. तिला ज्या गोष्टी सुचत, त्या आम्हा हिंडत्या-फिरत्या पोरांना सुचत नसत. ती घरात बसून असायची आणि कोंबडी कशी उठते, शेळी कशी बसते, मांजर उडी मारण्याआधी काय करतं हे तासन्‌तास पाहायची. तिने सायाळगाय केली: गाईला सायाळीचे काटे. ती घाबरली की काटे उभे राहतात आणि धार काढता येत नाही, म्हणून तिच्याजवळ जाताना गाणं म्हणत जायचं. तिने एक मेंढीकासव केलं, ज्याची लोकर पाठीच्या आतल्या बाजूने होती, आणि थंडी वाजली की ते स्वतःच्याच घोंगडीत शिरायचं. मामा दोष काढायचा, सखू भांडायची. "खुबा!" हा शब्द सखूच्या घरातून रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. जोडजनावरात मागचा पाय कमरेत जिथे बसतो, तिथे सगळ्यांची फसगत होते, असं मामाचं म्हणणं होतं.

एकदा मामाने तिला गाडीत घालून ओढ्याकाठच्या देवळात नेलं. मीही गेले. सखूने काठीवर रेलून ते कोरीव जनावर खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याच्या मागच्या मांडीवरून एक दगडी वेल गेलेली होती. सखू म्हणाली, "कारागिराला खुबा जमला न्हाई. म्हनून वरून येल काढली." मामा देवळाच्या पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. इतकी वर्षं त्याला काय खटकत होतं ते आता कळलं होतं.

त्या दोघांतला एकच प्रसंग मला आठवतो, ज्यात मामाचा तोल चुकला. त्याने एकदा एक लंगडं जनावर सुचवलं. लदेणीत सगळ्यात पुढे चालणारं, सगळ्यांनी त्याच्या चालीने चालायचं. त्याला वाटलं असावं, सखूला बरं वाटेल. सखू म्हणाली, "लंगडं करायला काय लागतंय मामा? ते तर तुमी एकदा केलंयच." मामाने मान खाली घातली. पुढच्या सोमवारी तो आला आणि ते जनावर कधी सुचवलंच नव्हतं अशा रीतीने दोघे दुसऱ्या कामाला लागले.

मामाची एक सवय मला फार मोठी वाटते. तो आठ-दहा गावांत फिरायचा, आणि कुठेही सखूचं जनावर सांगितलं की शेवटी म्हणायचा, "हे माझं न्हाई. हे सखूबाईचं." उंबऱ्याबाहेर क्वचित पडणारी ही मुलगी हिंगोलीकडच्या गोरेगावपर्यंतच्या पोरांना नावाने माहीत होती. आमच्या मावशीच्या गावी मी गेले तेव्हा तिथल्या पोरींनी मला विचारलं, तुझ्या गावची ना ती सखूबाई? म्हातारी आहे का? मी म्हणाले, माझ्याएवढी आहे. त्यांचा विश्वास बसला नाही.

सखू सोळा-सतरा वर्षांची झाली. माझं लग्न ठरलं होतं. तिच्या बरोबरीच्या सगळ्या केव्हाच सासरी गेल्या होत्या. तिच्यासाठी कुणी विचारत नव्हतं. तेवढ्यात डोंगरकड्याच्या एका शेतकऱ्याच्या घरून निरोप आला. मुलाचं नाव गणपत. वर्षापूर्वी त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, मामाने ते बसवलं होतं, आणि वीस वर्षांच्या त्या गड्याने लहान पोरासारखी सगळी लदेणी ऐकून घेतली होती. मग महिनाभर तो मामाला एकच विचारत होता: ही सखूबाई कोण? मामाने त्याला पहिल्या दिवशीच पायाचं सांगून टाकलं होतं.

मुलगी बघायला गणपत, त्याचे वडील आणि चुलते आले. सखूच्या बापाने मामालाही बोलावलं. त्याच्याबरोबर त्याची बायको आली. तिला आम्ही सगळे याडी म्हणायचो. त्यांच्या भाषेत याडी म्हणजे आई. आरशांची काचोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि बोलणं इतकं कमी की ती मुकी असावी असं मला लहानपणी वाटायचं. ती दाराजवळ बसली. सखू आली, बसली. गणपतने खाली बघत विचारलं, सायाळगाईचं वासरू दूध कसं पितं, त्याला काटे टोचत नाहीत का? सखू म्हणाली, "सायाळीच्या पोटाला काटे नसत्यात. कधी बगितली न्हाई का?" गणपतने मान हलवली आणि हसला. मला वाटलं, जमलं.

पण चुलते जुने गृहस्थ होते. सखू आत गेल्यावर त्यांनी विषय काढला. पाय जन्माचा तर नाही ना? पुढे लेकराबाळांत उतरायचा. मामा म्हणाला, माझ्या हाताने बसला, जन्माचा नाही. चुलत्यांनी नकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, "मामा, सारा मुलूख तुमचं नाव घेतो. तुमच्या हातानं बैलाचा पाय वाकडा बसत न्हाई, लेकराचा काहून बसंल? पोरीचं झाकायला तुमी आपल्या अंगावर घेऊन राहिले. ते आमाला कळतंय."

त्यांच्या बोलण्यात आदरच होता.  आपण खरंच चुकलो हे मामा पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि जितकं सांगेल तितकं ते लोकांना खोटं वाटत होतं. सखूचा बाप घाम पुसत होता. गणपत काकांकडे बघत होता.

तेव्हा दाराजवळून याडी बोलली. बायामाणसांनी बोलायची ती जागा नव्हती, आणि ती तर कुठेच बोलत नसे.

"त्या दिशी सकाळी आमची लेक गेली व्हती," ती म्हणाली. "तीन वर्षांची. तिला माती देऊन आलो आन दारात सखूच्या बापाची गाडी उभी. म्या म्हनलं, नका जाऊ. हे म्हनले, दुसऱ्याचं लेकरू रडून राहिलंय. हात थरथरत व्हते यांचे. म्या बगितले."

 मामा याडीकडे वळला. तो कधी चिडत नसे, पण तेव्हा त्याचा आवाज चिरका झाला. हे सांगायचं काय कारण होतं, असं तो म्हणाला. पाय तो पाय, आणि आपली लेक ती आपली लेक. एकीचं दुसरीच्या आड लपवायचं नाही, म्हणून तर इतकी वर्षं बोललो नाही. याडीने पदर पुढे ओढला.

मी आतल्या खोलीत सखूजवळ होते. तिने सगळं ऐकलं. ती काठी घेऊन उठली, मी धरायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. ती बाहेर पुरुषांच्या बैठकीत जाऊन उभी राहिली आणि मामाला विचारलं, "तिचं नाव काय व्हतं?"

"सोनी," मामा म्हणाला.

सखू त्याच्याजवळ जमिनीवर बसली. आखूड पाय पुढे पसरून बसणं तिला अवघड जायचं, चारचौघांत ती कधी तशी बसत नसे. चुलते उठून बाहेर गेले, ओसरीवर उभे राहून तंबाखू मळत राहिले, आणि आत आले तेव्हा लग्नाच्या तिथीचंच बोलले.

सखूने पुढे सोनीसाठी एखादं जनावर केलं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, आणि लदेणीत त्या नावाने काही आलेलं मी ऐकलं नाही.

सखू डोंगरकड्याला गेली तरी मामाचे सोमवार थांबले नाहीत. फक्त वाट लांबली. दोन कोस जायचा, दोन कोस यायचा. आता तो तेल चोळायला जात नसे, तेल गणपत चोळायचा. मामा नुसता भांडायला जायचा. माझ्या सासरी मला निरोप यायचे की या आठवड्यात अमुक जनावर दोघांत अडलंय.

मग ते अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं आणि गावोगाव धाकदपटशा, जाळपोळीच्या बातम्या येत होत्या. उन्हाळ्याच्या तोंडी आमच्या भागातली पुष्कळ घरं गुरंढोरं घेऊन पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेली. मी तेव्हा माहेरी होते. आबांनी गाडी भरली. निघायच्या दिवशी सकाळी मामा आमच्या बैलांचे खूर बघायला आला. सगळं तपासून झाल्यावर आबा त्याला म्हणाले, तुम्हीही चला, दोन माणसांना जागा आहे. मामाने नाही म्हटलं. मी त्याच्यापाशी हट्ट धरला. तो म्हणाला, "याडी सोनीला सोडून येत न्हाई. आन मी याडीला." मग त्याने माझं कोपर हातात घेतलं, दोनदा वाकवून पाहिलं आणि म्हणाला, "चांगलं बसलंय. पानी नीट भरता येतंय ना?" येतंय, मी म्हणाले. गाडी निघाली. तो आमच्या जोत्यापाशी उभा होता, हात पाठीमागे बांधून.

वऱ्हाडात आम्ही सहा महिने राहिलो. एका आंबराईत पंधरा-वीस कुटुंबं होती, पोरं कंटाळून रडायची. मी त्यांना लदेणी सांगायचा प्रयत्न केला. मला जनावरांची नावं आठवत होती, वाट आठवत होती, पण माझ्या तोंडून ती जनावरं चालत नव्हती. पोरं ऐकायची आणि थोड्या वेळाने उठून जायची. त्यांचं चुकत नव्हतं.

राज्य गेल्याची बातमी आली तेव्हा पाऊस सरत आला होता. आम्ही परतलो. घराचं छप्पर बसलं होतं, पण भिंती होत्या. दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले. याडी दारात तूर निवडत बसली होती. तिने मला बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं. तापाने गेला, भाद्रपदात, चार दिवस अंथरुणावर होता, एवढं तिने सांगितलं. त्याच्या शेवटच्या आठवड्यातही तो एका पोराचं मनगट बांधून आला होता. मी तिच्याजवळ दुपारपर्यंत बसले. दोघींनी मिळून ती तूर निवडली.

तिथून मी तशीच डोंगरकड्याला गेले. सखूला कळलं असेल की नाही, हाच विचार वाटभर होता. गणपतची माणसं पैनगंगेपलीकडे न जाता नांदेडकडे गेली होती आणि नुकतीच परतली होती. सखू जात्यावर बसली होती, आखूड पाय लांब करून. कडेला तिचं सहा महिन्यांचं लेकरू झोपलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की तिला कळलंय. मी शेजारी बसले, जात्याच्या खुंट्याला हात लावला. दोघींनी बराच वेळ दळलं.

मग ती म्हणाली, "नांदेडकडं असताना एक जनावर केलंय यमे. पाऊस न्हाई पडला तर तीन वर्षं निजून राहणारं. मामाला दाखवायचं व्हतं."

मला सांग, मी म्हणाले. तिने सांगितलं. डोकं कशाचं, धड कशाचं, पाणी कुठे साठवतं, निजताना पाय कसे दुमडतं, सगळं. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, फार चांगलं झालंय.

सखूने जात्यात एक मूठ जवारी टाकली. "तुला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून दळायला लागली.